गच्चीवरचा सिनेमा: २५ जणांच्या खाण्यापिण्याचा बेत

प्रोजेक्टर कुणाकडून तरी मिळतो, पांढरी चादर घरात असते, स्पीकर एखाद्या पुतण्याकडे असतोच. सोसायटीच्या गच्चीवर सिनेमा दाखवायचा ठरला की या तीन गोष्टींवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आठवडाभर खल होतो. खाण्याचं काय, असं विचारलं की मात्र ‘बघू, करू काहीतरी’ एवढ्यावर विषय मिटतो. मग व्हायचं तेच होतं. सिनेमा सुरू झाल्यावर दोघी-तिघी खाली भजी तळत बसतात, वर अंधारात कुणाच्या तरी शर्टावर चटणी सांडते, आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगात एखादे काका मोबाईलचा टॉर्च लावून ‘अहो, सॉस कुठे ठेवलाय?’ विचारत फिरतात.

हे टाळायचं तर दोन नियम आधीच ठरवून टाका. पहिला: पडदा उजळला की गॅस बंद. सिनेमा चालू असताना कुणीही, म्हणजे कुणीही, स्वयंपाकघरात नसेल. दुसरा: दिवे मालवल्यावर जे हातात येईल ते न बघता आणि एका हाताने खाता आलं पाहिजे. पुढचा सगळा बेत या दोन नियमांवर उभा आहे. हिशेब २५ जणांचा धरलाय, १८ मोठे आणि ७ मुलं. तुमची माणसं कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात आकडे बदला.

उघड्यावर सिनेमा बघायला नाशिककरांना खरं तर निमित्त लागू नये. दादासाहेब फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. १९१३ मध्ये त्यांचा पहिला चित्रपट मुंबईत लागला आणि त्याच वर्षी त्यांनी आपलं बिऱ्हाड आणि चित्रपटाचा कारखाना नाशिकला हलवला. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. त्यानंतर कितीतरी वर्षं जत्रेतल्या तंबूत लोक शेंगा-फुटाण्यांच्या पुड्या घेऊन सिनेमा बघत आले. तेव्हा आपण काही नवीन करत नाही आहोत, फक्त गाद्या जरा बऱ्या आहेत.

पायरी १: तारीख आणि माणसं

नाशिकला यासाठी सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस नाही, आकाश स्वच्छ, अंधार लवकर. थंडीचं मात्र गांभीर्याने घ्या. निफाडचा पारा रोज पेपरात झळकायला लागला की गच्चीवरही रात्री नऊनंतर दात वाजतात. म्हणजे खाण्यात गरम काहीतरी हवंच.

कोजागिरीला सिनेमा ठेवायची कल्पना दरवर्षी कुणीतरी मांडतं. दूध आटवायचंच असतं, लोक गच्चीवर असतातच. पण पौर्णिमेच्या टिपूर चांदण्यात पडद्यावरचं चित्र फिकं पडतं. कोजागिरीला दूध प्या, गाणी म्हणा. सिनेमा अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी ठेवा.

नावं घेताना प्रत्येक घरी तीन गोष्टी विचारून घ्या: त्या दिवशी कुणाचा उपवास आहे का, कांदा-लसूण न खाणारं कुणी आहे का, आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का. शनिवार हा अनेकांचा उपवासाचा वार, त्यात एकादशी किंवा संकष्टी आली तर निम्मी गच्ची उपाशी. कॅलेंडर उघडायला मिनिट लागतं. सोसायटीत जैन कुटुंबं असतील तर त्यांच्यातले काही जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून त्यांची पानं आधी वाढायची. बेतात ही सोय आपोआप होते, ते पुढे येईलच.

पायरी २: घड्याळ उलटं चालवा

उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तसं सांगतात आणि शेजारच्या बिल्डिंगमधले आजोबा त्याहून मोठ्याने सांगतात. म्हणून शेवटापासून मागे मोजत या. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पावणेसातला पडदा दिसण्याइतका अंधार होतो. अडीच तासांचा सिनेमा, २० मिनिटांचं मध्यंतर, म्हणजे साडेनऊच्या सुमारास सगळं उरकतं. आवराआवरीला अर्धा तास हातात.

त्यावरून खाण्याच्या वेळा अशा: साडेपाचला गच्चीवर उजेडात पोटभर काहीतरी, सिनेमाच्या पहिल्या भागात कुरकुरीत, आठच्या सुमारास मध्यंतरात गरम, आणि नंतर काही नाही. लोकांना निरोप देताना ‘जेवण साडेपाचला, सिनेमा पावणेसातला’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘सिनेमा पावणेसातला’ लिहिलं तर लोक सात वाजता उपाशीपोटी येतील.

पायरी ३: उजेडात जेवण, म्हणजे मिसळ

साडेपाच ही जेवायची वेळ नाही, हे मान्य. म्हणूनच मिसळ. नाशिकमध्ये सकाळी आठपासून रात्रीपर्यंत कधीही मिसळ पुढे आली तर कुणी नाही म्हणत नाही. मिसळ मात्र सिनेमाच्या आधीच. मिसळीला दोन हात लागतात, समोर आधार लागतो, पाव बुडवताना नजर वाटीत लागते, आणि तर्रीचा डाग गादीवर पडला तर गादी आयुष्यभर ती आठवण जपते. अंधारात मिसळ वाढणाऱ्याला मी एरवीही फारसा शहाणा समजणार नाही.

२५ जणांना सुकी मटकी १ किलो पुरते. शनिवारचा बेत असेल तर शुक्रवारी सकाळी भिजत घाला आणि संध्याकाळी फडक्यात बांधा. थंडीत मोड यायला वेळ लागतो, पुरचुंडी नुसती ओट्यावर ठेवली तर शनिवारी सकाळी मटकी जशीच्या तशी. ती हॉटपॉटमध्ये घालून झाकण लावा, किंवा गॅसजवळच्या उबदार कोपऱ्यात ठेवा.

रश्शाचं वाटण शुक्रवारी रात्रीच करून फ्रीजमध्ये. अर्धा किलो कांदे उभे चिरून थोड्या तेलात इतके भाजायचे की कडा काळपट दिसायला लागतील. पाव किलो सुकं खोबरं किसून खमंग भाजायचं, नुसतं बदामी नाही, आणखी जरा पुढे. नाशिकच्या रश्शाचा काळा रंग या भाजण्यातून आणि काळ्या मसाल्यातून येतो, लाल तिखट जास्त घालून येत नाही. आलं, लसूण, कोथिंबिरीच्या काड्या घालून बारीक वाटा. शनिवारी दुपारी पाऊण ते एक वाटी तेलात हे वाटण मंद आचेवर कडेने तेल सुटेपर्यंत परता. इथे घाई केली की तर्री वर येत नाही आणि रश्शाला कच्चट वास राहतो. मग काळा मसाला, हळद, मीठ आणि उकळीचं पाणी. गार पाणी ओतू नका. एकूण रस्सा ६ लिटरच्या आसपास हवा, कारण मिसळीत रस्सा एकदा वाढून भागत नाही, ‘जरा अजून’ हे ठरलेलंच. मुलांसाठी तर्री न घेता खालचा रस्सा वेगळ्या पातेल्यात काढून त्यात पाणी आणि थोडा गूळ घाला.

फरसाण १ किलो, पाव ७०, कांदे दीड किलो, लिंबं १५, दही १ किलो, पापड माणशी एक. पाव त्याच दिवशी दुपारी आणा, पण सांगून ठेवा सकाळी; शनिवारी संध्याकाळी बेकरीत ऐनवेळी ७० पाव मिळतीलच असं नाही. जिलेबी आणायची हौस असेल तर आणा, पाऊण किलो पुरे.

उपवासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी वेगळी. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी त्याच मटकीची साधी उसळ आणि पातळ रस्सा, भाजलेलं खोबरं आणि तीळ यांच्या वाटणाचा. आधी त्यांचं करून बाजूला काढा, मग कांद्याला हात लावा. जैन पाहुण्यांना आलंही चालत नाही, ते विसरू नका. आणि त्यांची पानं बरोबर साडेपाचला वाढली की सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण होतं.

मिसळ झेपणार नसेल तर पावभाजी करा. तिथेही पाव तेवढेच. भाज्या सगळ्या मिळून ५ किलो, त्यात निम्मे बटाटे, शिवाय टोमॅटो दीड किलो. करायला सोपी आणि मुलं न कुरकुरता खातात, पण आपल्या गावात पावभाजी दुसऱ्या नंबरावर, हे माझं मत.

सव्वासहाला वाढप बंद. ताटं-वाट्या गोळा करून खाली पाठवायच्या, हात धुवायला बादली आणि साबण गच्चीच्या नळाजवळ. मिसळीच्या हाताने कुणीही गादीवर बसणार नाही, इथे थोडं कडक व्हा.

पायरी ४: अंधारात चालेल असं

आता पॉपकॉर्न. मल्टिप्लेक्समध्ये ज्याला आपण डोळे मिटून पैसे मोजतो ते घरी फारच स्वस्तात होतं, पण चांगलं व्हायला दोन-तीन गोष्टी कळायला हव्यात.

पॉपकॉर्नचा मका वेगळ्या जातीचा असतो, कणसाचे दाणे वाळवून तो होत नाही. दाण्याच्या आत जरासं पाणी असतं, त्याची वाफ होते, टणक साल ती कोंडून धरते आणि साधारण १८० अंशाला दाणा फुटतो. जुनं पाकीट असेल तर आतलं पाणी उडून गेलेलं असतं आणि निम्मे दाणे तसेच राहतात. अशा वेळी अर्धा किलो दाण्यांना दोन चमचे पाणी चोळून घट्ट झाकणाच्या बरणीत दोन दिवस ठेवा, मधूनमधून हलवा. पुष्कळदा काम होतं.

माणशी २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे ७०० ग्रॅम दाणे. पाच लिटरच्या जाड बुडाच्या पातेल्यात एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त घालू नका, तेव्हा सात घाणे होतील, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. दोन मोठे चमचे तेल तापवा, त्यात तीन दाणे टाका. तिन्ही फुटले की गॅस बंद करून बाकीचे दाणे घाला, अर्धा मिनिट नुसते हलवा म्हणजे सगळे सारखे तापतात, मग पुन्हा गॅस लावा. झाकण किंचित तिरकं ठेवा. घट्ट ठेवलं तर आतली वाफ आतच राहते आणि पॉपकॉर्न चिवट होतात. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंद जायला लागले की उतरवा.

यानंतरची पायरी बहुतेक जण सोडून देतात. सगळे पॉपकॉर्न गव्हाच्या मोठ्या भोकांच्या चाळणीत घालून हलवा. न फुटलेले दाणे खाली पडतात. उजेडात तो दाणा दिसतो, अंधारात थेट दाढेखाली येतो, आणि रविवारी दाताचे डॉक्टर मिळणं कठीण.

मीठ मिक्सरमधून पिठीसारखं करून घ्या, खडबडीत मीठ चिकटत नाही, खाली तळाशी बसतं. वर बटर घालायचा मोह आवरा. बटरमध्ये पाणी असतं, ते पडलं की पॉपकॉर्न मऊ पडतात. त्याऐवजी पातळ केलेलं साजूक तूप, घाण्याला दोन चमचे. अर्ध्या पॉपकॉर्नला तूप-मीठ, अर्ध्याला कोमट तुपात कालवलेला काळा मसाला आणि चिमूटभर पिठीसाखर. हा मसाला गॅसवर तुपात घालू नका, जळतो. तूप खाली उतरवून मगच. दुपारी चारपर्यंत हे सगळं उरकतं. पूर्ण गार झाल्यावरच पत्र्याच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. वर नेल्यावर डबे उघडे ठेवू नका, थंडीत रात्री दव पडायला लागतं आणि कुरकुरीतपणा बघता बघता जातो.

पॉपकॉर्नचा कंटाळा असेल तर ज्वारीच्या लाह्या. तूप, हळद, मीठ, झालं. साल दातात अडकत नाही, म्हणून आजी-आजोबांसाठी मी तर लाह्याच ठेवीन.

दुसरा पदार्थ चिवडा. नाशिकहून पाहुणा परत निघाला की त्याच्या पिशवीत चिवडा जातो, तेव्हा आपल्याच गच्चीवर तो नसेल तर शोभणार नाही. अडचण अशी की चिवडा मुठीने खाल्ला तर निम्मा तोंडात आणि निम्मा गादीत जातो, आणि तळलेल्या कांद्याचे तुकडे गादीच्या शिवणीत शिरले की मुंग्यांची वर्दळ सुरू. उपाय सोपा आहे: चिवडा ताटलीत द्यायचाच नाही. चहाच्या कागदी पेल्यात अर्धा पेला भरून द्यायचा, पेला ओठांना लावून थोडा थोडा तोंडात घ्यायचा. चमचा नको, बोटं स्वच्छ. १ किलोत २५ जणांचं भागतं.

तिसरं, जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंतचा बेत असेल तर द्राक्षं. बिनबियांची, एका घासाची, सांडत नाहीत, आवाज करत नाहीत. अंधारासाठी याहून सोयीचं फळ नाही. दिंडोरी, ओझर, पिंपळगावच्या बाजूला जाणारं कुणी असेल तर त्याला सांगून मागवा. ३ किलो घ्या. मिठाच्या पाण्यात १५ मिनिटं बुडवून, दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन, पसरून कोरडी करा. मग कात्रीने आठ-दहा मण्यांचे लहान घोस कापा आणि एका द्रोणात एक घोस ठेवा. सुटी द्राक्षं ठेवली की ती गच्चीभर गडगडत जातात आणि चपलेखाली येतात.

इथे एक गोष्ट गांभीर्याने घ्यायची. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अंधारात पॉपकॉर्न, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका. घशात अडकण्याचा धोका खरा आहे आणि अंधारात ते लवकर लक्षातही येत नाही. त्यांची द्राक्षं उभी चिरून चार फाका करा, पॉपकॉर्नऐवजी कुरमुरे किंवा मऊ राजगिऱ्याचा लाडू द्या.

वेफर्स आणायचेच असतील तर पाकिटं खालीच फोडून डब्यात ओता. शांत प्रसंगात पाकिटाची चुरचुर पडद्यावरच्या नायकापेक्षा जास्त ऐकू येते. भेळ, पाणीपुरी, चटणी असलेलं काहीही, बिया किंवा टरफलं असलेलं काहीही नको. भाजलेल्या शेंगा जत्रेच्या तंबूत शोभायच्या, कारण तिथे खाली माती होती.

पुड्यांसाठी वर्तमानपत्र वापरू नका, छपाईची शाई खाण्यात उतरते. कोरा खाकी कागद घ्या किंवा सुपारीच्या पानांचे द्रोण. थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, शिवाय त्या हाताळताना आवाजही करतात. द्रोण गुपचूप असतो.

पायरी ५: मध्यंतरात गरम

मराठी-हिंदी सिनेमात मध्यंतराची पाटी येते. परदेशी सिनेमात नाही, तिथे तुम्हीच आधी बघून कुठे थांबवायचं ते मिनिट लिहून ठेवा. पाठलाग चालू असताना थांबवलं तर लोक वडी हातात घेऊन तुमच्याकडे बघत राहतील.

पहिला नियम आठवा: गॅस बंद आहे. म्हणून इथे असा पदार्थ हवा जो सहाला तयार होऊन आठलाही चांगला लागेल. भजी आणि बटाटेवडे यात बसत नाहीत, डब्यात कोंडले की घामेजतात. माझी निवड कोथिंबीर वडी. थंडीत आपल्याकडे कोथिंबीर मुबलक आणि स्वस्त असते. बारीक चिरलेली कोथिंबीर ८ वाट्या, बेसन ३ वाट्या, तांदळाचं पीठ अर्धी वाटी, तीळ, हिरवी मिरची, जिरं, हळद, हिंग, मीठ, दोन चमचे गरम तेल. कोथिंबीर धुऊन पूर्ण निथळू द्या, नाहीतर पीठ जास्त लागतं आणि वडी बेसनाची होते. उंडे करून २० मिनिटं वाफवा, हे शुक्रवारी रात्री. शनिवारी दुपारी कापून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करा, जाळीवर गार करा, झाकण अर्धवट ठेवा. माणशी दोन-तीन वड्या धरून ६० कराव्यात. सॉस नको. वडी चवीला पुरेशी झणझणीत असली की सॉस कुणी मागत नाही.

बाहेरून काही मागवायचं असेल तर नाशिकमध्ये मिळणारा उलटा वडापाव बघा. पावात बटाट्याचं सारण भरून, अख्खा पाव बेसनात बुडवून तळलेला. सगळं आतच असल्याने हातातून काही गळत नाही. एक तुकडा दोघांत पुरतो, कारण तो पोटाला जड.

गरम पेयांत दोन पर्याय. कडाक्याची थंडी असेल तर टोमॅटोचं सार: २ किलो टोमॅटो उकडून, गाळून, तूप-जिरं-लसणाची फोडणी, गूळ, मीठ, आणि पाणी घालून साडेतीन लिटर. नारळाचं दूध घालू नका, तासन्‌तास गरम ठेवलं की ते फाटतं. कांदा-लसूण न चालणाऱ्यांसाठी हिंगाची फोडणी दुसऱ्या भांड्यात.

नाहीतर मसाला दूध. साडेतीन लिटर म्हशीचं दूध आटवून पावणेतीन लिटर करा, पाव किलो साखर, केशराच्या काड्या, वेलची, भरड बदाम-पिस्ते. चारोळी घातली तर वरच तरंगते आणि पहिल्या पेल्यांतच संपते, म्हणून वाढताना ढवळत राहा. जायफळ अगदी नखभर. जास्त पडलं तर शेवटच्या प्रसंगाला निम्मी गच्ची घोरत असेल.

दोन्हीसाठी नळ असलेला मोठा स्टीलचा थर्मास लागतो, केटरिंगवाले भाड्याने देतात. भरण्याआधी त्यात उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, ओतून द्या, मग सार किंवा दूध भरा. दूध उकळतं असतानाच भरायचं आणि तीन तासांच्या आत संपवायचं. कोमट झालेलं दूध रात्री पाजण्यात काही अर्थ नाही. पेला पाऊणच भरा.

चहा? सिनेमा संपल्यावर मागतील. देऊ नका. दहा वाजत आलेले असतात आणि एकदा चहा निघाला की गप्पा साडेअकरापर्यंत.

वाइनचा विषय नाशिकमध्ये निघतोच. सोसायटीची सामायिक गच्ची आणि समोर मुलं, तिथे नको. त्याला परवान्याचे नियमही आहेत.

उन्हाळ्यात केलंत तर

मे महिन्यात सूर्य सातनंतर मावळतो, पडदा दिसायला पावणेआठ होतात, म्हणजे दहाच्या आत बसेल असा दोन तासांचाच सिनेमा निवडावा लागतो आणि मध्यंतर आटोपशीर. जेवण हलकं: दहीपोहे किंवा कढी-खिचडी. कलिंगड उजेडात संपवा, अंधारात त्याच्या बिया आणि पाणी दोन्ही त्रास देतात. एप्रिलमध्ये घेतलेली द्राक्षं धुऊन, कोरडी करून फ्रीजरमध्ये ठेवलीत तर मेमध्ये ती गोळ्यांसारखी चघळता येतात, फक्त मोठ्यांसाठी.

पेय पन्हं. १ किलो कैऱ्या उकडून गर काढा, गराच्या सव्वापट गूळ, वेलची, केशर, मीठ. हा अर्क आदल्या दिवशी तयार ठेवा, ऐनवेळी एकास चार पाणी घाला, साधारण ४ ते ५ लिटर होतं. कांदा-लसणाच्या वाटणाच्या भांड्यातून गर फिरवू नका, वास लागतो. उसाचा रस आणून ठेवू नका, तासाभरात काळा पडतो. बर्फ घरचाच. लादीचा निळसर बर्फ खाण्यासाठी नसतो, तो फक्त बाटल्यांभोवती टाकायचा.

पायरी ६: टेबल, वायरी आणि दिवा

खाण्याचं टेबल प्रोजेक्टरपासून लांब, लोकांच्या मागे, जिन्याच्या बाजूला. प्रोजेक्टरच्या झोतात किडे येतात आणि झोताखाली दूध ठेवलं तर दुधात येतात. टेबलावर झिरोचा पिवळा दिवा, तोही पदार्थांच्या जरा वर, खाली तोंड करून बांधा, म्हणजे उजेड पदार्थांवर पडतो, पडद्यावर नाही. सगळ्या भांड्यांना झाकणं.

शेगडीवर कणसं भाजायची टूम कुणीतरी काढेल. धूर झोतात शिरला की पडद्यावर ढग दिसतात, त्यामुळे ते जेवणाच्या वेळेत.

प्रोजेक्टरच्या एक्स्टेंशन बोर्डवर इलेक्ट्रिक किटली किंवा इंडक्शन लावू नका. साधा ६ अँपिअरचा पॉइंट सुमारे १३०० ते १४०० वॅट झेपवतो, किटली एकटीच १५०० ची असते. ट्रिप झालं की अख्खी गच्ची ओरडते. थर्मास असल्याने किटलीची गरजही नाही.

पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार एक पुरतो. पेल्यांवर नावं लिहायला मार्कर ठेवा, नाहीतर प्रत्येक जण तीन पेले वापरतो. वाढायला दोन मोठी मुलं नेमा, आठवी-नववीतली. पहिल्या दहा मिनिटांत द्रोण आणि पेले ओळीने पुढे सरकवायचे, एकदाच. उठून टेबलापर्यंत येणं फक्त मध्यंतरात.

शेवटी: हिशेब आणि आवराआवर

वर्गणी आधी गोळा करा, सिनेमा झाल्यावर नाही. सिनेमा झाल्यावर सगळ्यांना झोप आलेली असते. पाव, फरसाण, दूध यांची बिलं ग्रुपवर टाका, उरलेले पैसे पुढच्या खेपेला.

सिनेमा संपताच, पाट्या वर सरकत असतानाच, आधी गच्चीचे दिवे लावा आणि मग लोकांना उठू द्या. अंधारात पेल्यांवर पाय पडतो. जिन्याच्या तोंडाशी दोन बादल्या, ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या. द्रोण आणि उष्टं ओल्यात, पेले सुक्यात. जाता जाता प्रत्येकाने आपलं आपण टाकायचं, म्हणजे सकाळी घंटागाडी आली की कचरा वेगळा करत बसावं लागत नाही. गाद्या गच्चीवरच झटका, घरात नेऊन नाही.

रस्सा उरेलच. तो जेवण आटोपल्यावर लगेच उकळून, गार करून फ्रीजमध्ये ठेवलेला असावा. रात्री साडेनऊपर्यंत पातेलं ओट्यावर पडून राहिलं असेल तर मोह न धरता टाकून द्या. फ्रीजमध्ये गेलेला असेल तर रविवारी सकाळी आठला पुन्हा खळखळून उकळा, पाव ताजे आणा आणि वर कालचंच फरसाण. ज्यांनी काल वाढपाचं काम केलं त्यांना आधी हाक मारा.